सुईवरचं ओझं

घरातली मेकॅनिक मीच. नळ गळो, मिक्सर रुसो, मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. त्यामुळे आईच्या जुन्या रेकॉर्ड प्लेयरचा आवाज घोगरा झाला, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. नवा घ्यायची ऐपत नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरायचे, म्हणून प्लेयर तोच ठेवून फक्त रबरी पट्टा आणि सुई बदलायची, असं मी ठरवलं.

आई लावते ती एकच तबकडी, धाकट्या मावशीची. मावशी तरुणपणी एकदाच स्टुडिओत गायली आणि वर्षभरात गेली. तिच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नाही. रोज दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना आई ती ऐकते.

"दुसऱ्या कडव्यात ती काय म्हणते तेच आताशा कळत नाही गं," आई म्हणाली. "शब्दही आठवत नाहीत. एकदा नीट ऐकव, मग माझं काही मागणं नाही."

"एवढंच ना? चुटकीसरशी करते."

तबकडीसकट सगळं घेऊन मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्कर, मोजकं बोलणारा. त्याने पट्टा बदलला, सुई बसवली, सुई धरणाऱ्या दांड्याचं वजन जुळवलं आणि स्वतःची एक तबकडी लावली. बासरीवाल्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला! माझी छाती फुगली. मग त्याने मावशीची लावली. पहिलं कडवं लख्ख. दुसऱ्यात नुसती खरखर.

त्याने तबकडी दिव्याखाली धरून भिंगातून पाहिली. मग दांड्यावरून काढून ठेवलेलं नाणं, अजून चिकटपट्टीसकट, माझ्यापुढे सरकवलं.

"हे कुणी लावलं होतं?"

"मी," मी ऐटीत म्हणाले. बारा वर्षांपूर्वी सुई उड्या मारायला लागली, मी नाणं चिकटवलं, उड्या बंद. आईने तेव्हा शेजारीपाजारी माझं केवढं कौतुक सांगितलं होतं.

"सुई झिजलेली, वर हे ओझं. रोज खरवडलं गेलंय, ताई. आतल्या बाजूला, दुसऱ्या कडव्यापाशी, जास्तच. तिथे खाचेत गाणंच उरलेलं नाही."

"मग आणखी चांगली सुई द्या ना."

"चांगली सुई आहे ते वाजवेल. नाही ते कुठून आणेल?"

रस्ताभर मी कबुलीची वाक्यं जुळवत आले. घरी आई पंखा बंद करून, खुर्ची प्लेयरला खेटून बसली होती. मी सुई टेकवली.

"अगंबाई! समोर बसून गातेय की!" तिचे डोळे भरून आले. मग दुसरं कडवं आलं. ती पुढे वाकली, कानामागे हात धरला. "परत लाव." लावलं. "आवाज वाढव." वाढवला, खरखर वाढली.

आता सांगायचंच, म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"एवढी धडपड केलीस, आणि माझेच कान गेले बघ. पहिलं कडवं कसं छान वाजतंय, म्हणजे प्लेयरचा काही दोष नाही."

"आई, वयामुळे होतं असं," मी म्हणाले. हे मी म्हणाले! स्वतःची लाज वाटली, पण शब्द मागे घेता येईनात.

"होतं खरं," ती म्हणाली. "जाऊ दे. तुझे कान चांगले आहेत ना? मग तूच ऐकून सांग, काय म्हणते ती?"

मी पुन्हा सुई टेकवली. बारा वर्षं ती तबकडी माझ्याही कानांवर पडत होती, आणि मला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. खरखर सुरू झाली. आई माझ्या ओठांकडे बघत थांबली.