पाच मिनिटं चुपचाप

तुळसाबाई सुपात तूर पाखडत होती, पण डोळे कुडाच्या फटीतून शेजारच्या ओट्यावर होते. ओट्यावर कोकिळा भिंतीला पाठ टेकून बसली होती. दंडाला निळा पट्टा गुंडाळलेला, हाताखाली उशी, आणि तिला खेटून बसली होती तुळसाबाईची सून, साधना. उशी तुळसाबाईच्या घरची होती. हे तिच्या आजच लक्षात आलं आणि सूप हातातच राहिलं.

साधना गावची आशाताई. ज्यांचं बीपी वाढलेलं, त्यांच्या घरी जाऊन रोज सकाळी मोजायला तिला दवाखान्यातून एक यंत्र मिळालं होतं. कोकिळेचं बीपी वाढलेलं होतं. एकटी विधवा बाई, लेक मारेगावला दिलेली. साधना तिच्याकडे जाणारच. यात वावगं काहीच नव्हतं आणि तेच तुळसाबाईला झोंबायचं. भांडायला जागाच नव्हती.

त्या साली बोंडअळीनं कापसाची पार वाट लावली. राळेगावच्या जिनिंगमधलं काम सुटलं, तसा तुळसाबाईचा मुलगा अश्वजित नागपूरला बांधकामावर गेला आणि घरात सासू-सून दोघीच उरल्या. सून काही वाईट नव्हती. वेळेवर भाकर द्यायची, उलट शब्द बोलायची नाही. पण तिचं सगळं उभ्या उभ्या. चहा उभ्यानं द्यायची, जेवल्या का म्हणून उंबऱ्यातून विचारायची, तोवर पायात चपला गेलेल्या असायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूजवळ पाच मिनिटं बूड टेकून ती बसली नव्हती. आणि कोकिळेजवळ रोज बसते! बोलतात तरी काय दोघी? दुसरं काय, आपल्याच चहाड्या. या विचारानं तुळसाबाईच्या पोटात असं जळायचं की चुलीवरची भाजी करपली तरी कळायचं नाही.

"बिमार पडावं तं कोकिळीसारखं," ती एकदा टाकीवर पाणी भरताना म्हणाली. बाया हसल्या. तुळसाबाई थट्टा करत नव्हती.

मग उपकेंद्रात तपासणीचं शिबिर असल्याचं कानावर आलं आणि तिनं कंबर कसली. दोन-तीन दिवस लोणच्याचा खार वरपला, मीठ भुरभुरून ठेचा खाल्ला आणि शिबिराच्या दिवशी उन्हातून भराभर चालत जाऊन धापा टाकतच नर्सबाईंसमोर हात धरला. आकडा एकशे साठच्या वर गेला. एकदा मोजून काही ठरत नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. आठवडाभर घरी मोजायचं, मग गोळीचं बघू. तुळसाबाई बक्षीस मिळाल्यासारखी घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधना तिच्या बाजेवर येऊन बसली. खरंच बसली. तुळसाबाईची पाठ भिंतीला टेकवली, पाय जमिनीवर ठेवायला लावले, हाताखाली उशी सरकवली. तुळसाबाईनं मनात पुष्कळ साठवलं होतं.

"कोकिळा काय सांगते वं तुले?"

"बोलू नका आई. बोललं का आकडा वाढते. पाच मिनिटं चुपचाप बसा लागते."

"तिच्यासंग नाही बोलत?"

"तिच्यासंगही नाही."

म्हणजे चहाड्या नव्हत्याच. तुळसाबाईला जराशी शरम वाटली, पण जळणं थांबलं नाही. कोकिळेला इतके दिवस हे मिळत होतं तर. नुसतं शेजारी बसणं.

हात हलू नये म्हणून साधनानं तिच्या बोटांवर आपला हात ठेवला होता. सुनेच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, कानामागचे केस पांढरे झाले होते. हे तुळसाबाईनं कधी पाहिलंच नव्हतं. पाहायला पोरगी एका जागी थांबली पाहिजे ना! यंत्र घुरघुरलं आणि आकडा शिबिरातल्यापेक्षा बराच खाली आला. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. रात्री लोणचं चाटून तुळसाबाईची जीभ सोलवटली, पण सकाळी सून शेजारी बसली की आतलं सगळं निवायचं आणि ते मेलं यंत्र बरोबर तेवढंच दाखवायचं.

आठवडा सरला त्या सकाळी साधना यंत्राकडे पाहून हसली.

"एकशे चोवीस. चांगलं आहे आई. त्या दिवशी घाबरल्या असान तुमी. आता रोज पाह्याची गरज नाही."

"पुन्हा एकदा पाह्य."

तिनं थोडं थांबून पुन्हा पाहिलं. आकडा आणखी कमी आला.

साधना पट्टा सोडू लागली. बस ना थोडी, हे शब्द तुळसाबाईच्या अगदी ओठांवर आले होते. आपण मीठ का खाल्लं तेही सांगून टाकावं, असं वाटलं. पण ही पोरगी तेही ऐकेल ते उंबऱ्यात उभी राहूनच, हे तिला ठाऊक होतं.

"जाय," ती म्हणाली. "कोकिळा वाट पाहून राह्यली असन."

साधनानं यंत्र उचललं आणि उशीकडे पाहून अडखळली. तुळसाबाईनं स्वतःच हाताखालची उशी काढली, दोनदा झटकली आणि तिच्या काखेत दिली.

साधना गेली. थोड्या वेळानं शेजारच्या ओट्यावर यंत्राची घुरघुर सुरू झाली. तुळसाबाईनं कुडाकडे मान वळवली नाही. ती तशीच बसून राहिली, पाठ भिंतीला, पाय जमिनीवर, हात बाजेवर उताणा, चुपचाप.