टेबलावरचा घाट

"पंत, परत बसली बगा," बुध्या सुतार म्हणाला.

चावीची आगगाडी घाटाच्या निम्म्यावर अडली होती. चाकं जागच्या जागी गरगरली आणि सगळी गाडी डब्यांसकट घसरत डहाणूपर्यंत खाली आली.

डहाणू म्हणजे टेबलाचा डावा कोपरा. उजव्या कोपऱ्यात शाडूच्या डोंगरावर जव्हार. दिगंबरपंत कर्णिक, जव्हार संस्थानच्या दरबारचे नकाशानवीस, पावसाळा सरल्यापासून या गाडीला जव्हार चढवायला बसले होते. मुंबईहून एक बडा इंग्रज अधिकारी यायचा होता. त्याला टेबलावर गाडी चालवून दाखवली म्हणजे खऱ्या गाडीचा विषय काढता येईल, ही कल्पना पंतांचीच. खऱ्या मार्गाची आखणीही त्यांनीच तरुणपणी केली होती. डहाणूहून जव्हार, पुढे मोखाडा, मग नाशिक. रानोमाळ मोजणीच्या साखळ्या ओढल्या, खुणेचे दगड रोवले, हिवतापानं मरता मरता वाचले. कागद मुंबईला गेले ते गेलेच. गाव त्यांना पाठीमागे 'टेसनमास्तर' म्हणे, आणि टवाळ पोरं तोंडावर. आता पेन्शन दारात आली होती. हा साहेब हातचा गेला की आपली रेल्वे गेली, हे पंतांना पक्कं ठाऊक होतं.

पण विलायती रूळ म्हणजे पत्र्याचे ठरावीक तुकडे. सरळ तो सरळच, वाकडा तो एकाच मापाचा वाकडा. चढ सौम्य करायचा तर वाट लांब हवी, आणि लांब वाटेला टेबल पुरत नव्हतं. पंत कागदामागून कागद रेखाटत आणि चुरगाळत. डोंगराला वळसा द्यावा तर रूळ टेबलाबाहेर लोंबायचे.

"कशाला जिवाला लावून घेता?" पंतांच्या पत्नी कमूताई जेवायला बोलवायला येऊन दारात उभ्या राहिल्या. "खरी आली असती तर चार वेळा माहेरी तरी जाऊन आले असते. आई गेली ते वाटेत बैलगाडीत असतानाच कळलं मला."

पंतांनी मान वर केली नाही. त्यांना त्याच क्षणी बोरघाट आठवला होता. तिथं गाडी एका टोकापर्यंत चढते, थांबते, इंजिन दुसऱ्या बाजूला लावतात आणि ती उलट दिशेनं वरच्या रुळाला लागते. म्हणजे वाट दुप्पट आणि चढ निम्मा! मध्ये थांबायला एक सपाट पायरी हवी, एवढंच.

"इथं काय यायचं?" शाडूची पायरी थापून बुध्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"जामसर."

"आमचा जामसर?" बुध्या हसला, आणि त्यानं न सांगता पेंढ्याचं एक बोटभर छप्पर करून तिथं ठेवलं.

त्या संध्याकाळी गाडी जामसरला थांबली. पंतांनी इंजिन उचलून मागच्या बाजूला लावलं, चावी दिली, आणि गाडी कुरकुरत जव्हारला पोचली. पंत एवढे मोठे गृहस्थ, पण त्यांना रडू आवरलं नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी संस्थानचे कारभारी पाहायला आले.

"हे मध्येच हात घालून इंजिन उचलायचं? साहेब हसेल, पंत. गाडी कशी, न थांबता फिरली पाहिजे. गोल करा."

"गोल केली तर ती जव्हारला चढायची नाही, रावसाहेब. पायथ्याशीच फिरत राहील."

"मग खरी तरी कुठे चढत्येय?"

पंतांनी रात्रीपर्यंत पायरी फोडली, घाटातले रूळ उपटले आणि डोंगराच्या पायथ्याशी गोल मांडला. जामसरचं छप्पर बुध्यानं गुपचूप कनवटीला लावलं.

साहेब आला आणि खूश झाला. स्वतः चावी दिली, टाळ्या पिटल्या. कारभारी रेल्वेचा विषय काढीनात, तेव्हा पंत धीर करून आपल्या मोडक्या इंग्रजीत पुढे झाले. म्हणाले, ही गाडी वर जायला हवी, साहेब.

"वर कशाला?" साहेब म्हणाला. "किती छान फिरते आहे!"

महिन्याभरात मुंबईहून हुकूम आला. रेल्वेचा प्रस्ताव निकालात, रोवलेले दगड उपटून जागा मोकळ्या कराव्यात. पंतांनी दुसऱ्या कोणाला धाडलं नाही. पहार देऊन बुध्याला बरोबर घेतलं आणि जामसरची वाट धरली. गावाची शीव दिसली तसा बुध्या थांबला.

"पंत, सांगनार व्हतो तुमाला. जीभ रेटली नाय."

शिवेवरचा खुणेचा दगड शेंदरानं लालभडक झाला होता. पुढे नारळाच्या करवंट्या, कोंबड्याची पिसं. शेजारी बुध्याची म्हातारी आत्या चैती बसली होती. पहार पाहून ती लगबगीनं उठून आडवी आली.

"वाघद्याव हाय आमचा. तूच रवला ना रं बाबा? तवापासून पुजतो. गाडी नाय आली, पन वाघबी नाय आला."

पंत दगडाकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेलं एवढंच काय ते कोणाच्या उपयोगी पडलं होतं, आणि त्या दगडाचा देव तर गावानंच केला होता.

"हात नको लावू," चैती म्हणाली. "गाडी येल ना, तवा आमीच कोंबडा देऊन बाजूला करू त्याला."

पंतांनी जोडे काढले, पागोटं सारखं केलं आणि दगडापुढे हात जोडले.

"बाजूला करावा लागायचा नाही, चैती," ते म्हणाले. "आता तो इथंच राहील."