कपाटातलं मन

जेवणाच्या सुट्टीत शिलाई कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दीडशे बायका होत्या, पण चमचा वाजेल तर शपथ. सगळ्यांची नजर मनकवड्यावर. हा गृहस्थ म्हणे नुसतं तोंड पाहून घरातलं दुखणं ओळखतो. डोळे अर्धवट मिटून त्याने काजं करणाऱ्या बाईवर बोट रोखलं.

"घरात सतरा वर्षांची मुलगी. तिला आवाज ऐकू येतात. तू शेजारणीलाही सांगितलं नाहीस."

बाईला रडू कोसळलं.

"गोळ्यांनी ते आवाज आत कोंडलेत. इथे टाक, मोकळे होतील."

त्याने पिशवी पुढे केली. त्याच्या निरोपावरून बऱ्याच जणींनी घरून आणलेली गोळ्यांची पाकिटं आत आधीच होती. बाईने मुलीच्या महिनाभराच्या गोळ्या त्यात टाकल्या.

घरोघरचा ताण आणि मनाचं आरोग्य यावर मी संशोधन करते. महिनाभर याच बायकांना एकेकीला बसवून विचारत होते, झोप लागते का, घरात कोण आजारी आहे. भरलेले फॉर्म सुपरवायझरच्या खोलीतल्या कपाटात होते.

मी पुढे झाले. "ताई, मुलीचं वय?"

"एकोणीस."

"मग हे सतरा का म्हणाले?"

"आत्म्याचं वय निराळं असतं," मनकवडा म्हणाला.

"आत्म्याचं नाही, फॉर्मचं. सतरा मी चुकून लिहिलं, दुरुस्त करायचं राहिलं. ती चूक फक्त त्या कपाटात आहे."

दाराशी उभ्या सुपरवायझरने मान खाली घातली. मनकवडा त्याचा सख्खा मेहुणा निघाला.

मला वाटलं, जिंकले. काजवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लिहून घेतलंत आणि गेलात. याने निदान काहीतरी कर म्हटलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कपाटाला कुलूप न लावता निघून जाणारी मीच होते. तिची माफी मागितली. संध्याकाळी तिच्याबरोबर मुलीच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं.

पिशवी टेबलावर रिकामी केली. बायका येऊन आपापलं घेऊन गेल्या. तीन पाकिटं उरली. मी दोनदा विचारलं. कोणी पुढे येईना, कारण हात पुढे केला की घरातलं दुखणं सगळ्यांना कळणार.

म्हणून हे लिहिते आहे. कोणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर आधी आठवा, हे आपण कुठे बोललो होतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि त्या तिघींनो, पाकिटं माझ्याकडे आहेत. एकट्या या, नाव विचारणार नाही. पण आजच या, घरी कोणीतरी गोळीविना बसलं आहे.