आमच्या दारात बँड गप्प व्हायचा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझं हँडल तुटलंय म्हणून मला लगेच भंगारात काढू नका. चांगला टू-इन-वन आहे मी, रेडिओही आणि कॅसेटही! माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? मला आठवतं ते नाशिकच्या मेनरोडवरचं दुकान. त्र्याण्णवच्या दिवाळीत चांदवडचा गोरक्ष तिथे आला. हा चांदवड-देवळा रस्त्यावर जीप चालवायचा. दुकानातले सगळे टेप वाजवून बघून त्याने मला पसंत केलं आणि एसटीत मांडीवर घेऊन घरी आणलं.

त्याच्या बायकोने, उज्वलाने, मला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं. पहिली काही वर्षं माझा थाट काय वर्णावा! गल्लीतली माणसं बातम्या ऐकायला आमच्या ओट्यावर बसायची. पण मला जिने खरं कामाला लावलं ती त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी.

पल्लवीला लहानपणी सारखा ताप यायचा, गुडघे सुजायचे. घरच्यांना वाटलं, वाढीचं वय आहे, होईल बरं. त्या तापाने तिच्या काळजाची झडप खाल्ली. हे कळायला फार उशीर झाला होता. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशनही झेपणार नाही, आहेत तितके दिवस सांभाळा. दहावीनंतर तिचं बाहेर जाणं संपलं. अंगण झाडलं तरी तिला धाप लागायची.

या पोरीला वेड कशाचं, तर देवळ्याच्या केरू मास्तरांच्या ब्रास बँडचं. आमचं घर मारुतीच्या वाटेवर. लग्नाआधी प्रत्येक नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जाणार, आणि पुढे बँड वाजणार. बाहुल्या खेळायच्या वयापासून ती ओट्यावर उभी राहून ते बघत आली होती. मास्तरांचं क्लॅरिनेट, त्यामागे ढोल आणि ताशा, आणि खुळखुळा वाजवत मिरवणारा एक जाडा माणूस. बाकीच्या पोरी सिनेनटांवर भाळायच्या, ही केरू मास्तरांवर!

पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा बँडवाले तालीम करतात. एकदा गोरक्ष मला जीपमध्ये घालून थेट तालमीला घेऊन गेला. कोणासाठी ते त्याने सांगितलं नाही, घरी ऐकायला पाहिजे एवढंच म्हणाला. मास्तरांनी मला स्टुलावर बसवलं. सगळे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, गोरक्षने लाल बटण दाबलं, आणि ते माझ्यासाठी वाजले. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

ती कॅसेट म्हणजे पल्लवीचा जीव. धाप लागली की उज्वला तिच्या पाठीला उशा लावायची आणि माझं बटण दाबायची. पल्लवी डोळे मिटून पलंगाच्या लोखंडावर ढोलाचा ठेका धरायची आणि त्या ठेक्यावर श्वास घ्यायची. आधी तो सैरावैरा पळायचा, मग हळूहळू ढोलामागे चालायला लागायचा. मी काही डॉक्टर नाही. गोळ्या होत्याच. पण इंजेक्शन घेऊन रडवेली होऊन आलेली पोर क्लॅरिनेटचं ते वरच्या पट्टीतलं वळण आलं की हसायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "आई, मास्तर बघ कसे चढले!" म्हणायची. लोडशेडिंगमध्ये माझे सेल उतरले तर उज्वला ते पत्र्यावर उन्हात ठेवायची, म्हणजे त्यांत अजून दोन गाण्यांपुरता जीव यायचा. पट्टी अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची. असे आम्ही दिवस काढले.

एक सांगतो, मला राग यायचा. लग्नसराईत लांबून खरा बँड ऐकू आला की पल्लवी म्हणायची, "बंद कर ना टेप! खरे आले." मी घरात दिवसरात्र राबतो, पण पिकतं तिथे विकत नाही हेच खरं. तरी मलाही ते आवडायचं. तिचा चेहरा असा उजळायचा!

मग बँड जवळ येत जायचा. कडुनिंबापर्यंत आला की ढोलाने आमची भांडी थरथरायची. आणि आमचं दार आलं की एकदम गप्प.

फक्त घोड्याच्या टापा आणि पायांचा आवाज. वऱ्हाड मुकाट्याने दारावरून जायचं आणि मारुतीपाशी पोचल्यावर बँड पुन्हा सुरू व्हायचा. पहिल्यांदा वाटलं, दम खायला थांबले असतील. पण पुढच्या लग्नात तेच, त्याच्या पुढच्या लग्नातही तेच. पल्लवीने खिडकीतून पाहिलं. केरू मास्तर स्वतः हात वर करून सगळ्यांना थांबवत होते.

आमच्याकडे रीतच आहे तशी. आजाऱ्याच्या घरासमोर वाजवायचं नाही, त्याला त्रास होतो. मयताच्या घरासमोर तर नाहीच नाही. गल्लीतल्या कोणीतरी मास्तरांच्या कानावर घातलं असणार की इथे एक पोर अंथरुणाला खिळली आहे. मास्तर भला माणूस, तेव्हापासून त्याने रीत पाळली.

"आई," पल्लवी त्या दिवशी म्हणाली, "मी मेले का गं?"

"काय बोलतीस हे! तुला त्रास होऊ नाय म्हणून बंद करत्यात ते."

"मला विचारलं का कोणी?"

रात्री उज्वलाने गोरक्षला सांगितलं, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "दुसऱ्याच्या लग्नातला बँड आपल्या दारात कसा वाजवायला लावायचा? लोकं म्हणतील, पोर अशी पडलेली आन् यांना वाजंत्रीची हौस. लग्नसराई उलटू दे, सांगतो मी मास्तरांना." केरू मास्तर त्याच्याच जीपमधून कितीदा देवळ्याला जायचे. पिकाच्या, पावसाच्या गप्पा व्हायच्या. ही एवढी गोष्ट त्याच्या तोंडातून निघायची नाही. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांनी माणसं किती मारली असतील देव जाणे!

अशा दोन लग्नसराया गेल्या. पल्लवीच्या मैत्रिणी एकेक करून सासरी गेल्या, आणि त्या प्रत्येकीच्या लग्नात बँड तिच्या दारात गप्प झाला. आता तिचे पाय सुजत होते, आडवं पडलं की गुदमरत होतं. माझ्या कॅसेटची पट्टी झिजून घरघरत होती. ढोल होता, पण त्याच्या मागे चालायला श्वास उरला नव्हता. "एकदा खरा पायजे," ती म्हणायची. दुसरं काही तिने मागितलंच नाही.

शेवटी वैशाखात उज्वला कोणाला न विचारता देवळ्याला गेली. परत आल्यावर तिने सगळं पल्लवीला सांगितलं, ते मीही ऐकलं. मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले होते, "अरे देवा! आम्ही मान राखत होतो वहिनी, आन् पोरीला असं वाटलं! या रविवारी तुमच्या गल्लीत लगीन हे ना? तुमच्या दारात थांबून वाजवतो. नवरदेव खोळंबला तर खोळंबू दे."

त्या दिवशी पल्लवीने केस धुऊन मागितले. कोणता ड्रेस घालायचा यावर आईशी भांडली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात भांडण झालं, आणि मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती गेली. उशांना टेकून बसली होती, तशीच.

रविवारी बँड आला. कडुनिंबापाशी तो वाजत होता. आमच्या अंगणात बसलेली माणसं दिसली आणि केरू मास्तरांचा हात वर गेला. सगळं शांत झालं. तेवढ्यात उज्वला उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मास्तर, शब्द दिला होता ना? वाजवा."

नवरदेवाचा मामा पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, आमच्या पोराचं लगीन हे. सुतकाच्या दारात कसं वाजवायचं? तुम्हीच सांगा."

त्याचंही काय चुकलं? मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. त्यांचे गाल फुगलेच नाहीत. मग त्यांनी ते खाली केलं, उज्वलासमोर मान खाली घातली आणि चालू लागले. मागून ढोल गेला, ताशा गेला, घोडा गेला. मारुतीपाशी पोचल्यावर ते पुन्हा वाजवायला लागले. लग्न होतं, वाजवणं भाग होतं. उज्वला आत येऊन पल्लवीच्या पलंगावर बसली आणि लांबून येणारं ते सगळं ऐकत राहिली.

त्यानंतर मला कोणी लावलं नाही. मी माळ्यावर आहे. उंदरांनी वायर खाल्ली आहे, आणि आता दुरुस्त करणाराही कोणी उरला नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल आता हा म्हणणार, जुन्या वस्तू जपा, धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. तुमच्या गल्लीत कोणी आजारी असेल तर त्याच्या दारासमोर हळू बोला, पाय न वाजवता जा, सगळं करा. पण त्याआधी एकदा आत जाऊन त्याला विचारा, तुला काय पाहिजे? आमच्या दारात सगळी भली माणसं होती. विचारायला मात्र कोणी आत आलं नाही, आणि सांगायला आम्ही उशिरा गेलो.