डिकीतलं थंड पाणी

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा जग आहे. लाल अंगाचा, पांढऱ्या झाकणाचा, पुढं तोटी असलेला. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात, उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे. वस्तू गार ठेवणं हे माझं काम, पण हा राग काही माझ्याच्यानं गार झाला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आत एक भिंत, बाहेर एक भिंत आणि मधे फेस भरलेला. तो फेस वाळून घट्ट झाला की बाहेरची उष्णता आत शिरत नाही. एवढीच माझी विद्या. कऱ्हाडच्या बाजारात सुधाताईंनी मला पसंत केलं. त्यांचे यजमान सतीशराव विमा कंपनीत अधिकारी. त्यांची महाराष्ट्राबाहेर पहिलीच बदली झाली होती, भोपाळला. लेक आसावरी तेव्हा मांडीवर होती. त्या लांबच्या रेल्वे प्रवासात डब्यातली सगळी लेकरं माझं पाणी प्यायली. ओळख ना पाळख, पण माझ्या तोटीखाली पेले येतच राहिले. मला वाटलं, जन्म घ्यावा तर असा!

पुढं जयपूरला बदली झाली. दुर्गापुऱ्यात भाड्याचं घर मिळालं. तिथला उन्हाळा म्हणजे माझ्या कर्तबगारीचा काळ. वीज गेली, फ्रीज बंद पडला, की शेजारच्या बायका दारात उभ्या. "सुधाजी, आपके लाल जग में बर्फ है क्या?" गणपतीत, हळदीकुंकवाला, शाळेच्या खेळांच्या दिवशी मी सगळ्यांत आधी बाहेर पडायचो. सुधाताई मला घासूनपुसून उन्हात पालथा घालायच्या आणि म्हणायच्या, "हा घरातला माणूस आहे."

मग घरात मोठा फ्रीज आला, त्याच्या दारात बाटल्यांची रांग लागली. बाहेर जाताना दुकानातली बाटली घ्यायची पद्धत पडली. घरातल्या माणसाला गॅलरीत नेऊन ठेवण्यात आलं आणि माझ्या पोटात कांदे भरण्यात आले. हो, कांदे! ज्या पोटात बर्फाचं पाणी वागवलं, त्या पोटाला कांद्याचा वास. पण मित्रांनो, माझा राग त्या कांद्यांवर नाही. तेवढ्यासाठी मी तुम्हांला बसवून घेतलं नसतं.

दोन हजार सहा सालचा मे महिना होता. सतीशरावांचा धाकटा भाऊ अभिजित पुण्याहून आला, बरोबर त्याची मुलगी भार्गवी. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा. त्याच्या बायकोला, कीर्तीला, रजा मिळाली नव्हती. निघताना ती म्हणाली होती, "एकट्याला जमेल ना तुला तिला सांभाळायला?" हे वाक्य त्याला झोंबलं होतं. आल्या आल्या त्यानं दोनदा बोलून दाखवलं.

भार्गवी पहिलीत गेलेली. पुढचे दोन दात पडलेले. संध्याकाळी ती आसावरीजवळ फरशीवर बसून पत्ते मांडत होती आणि मोठी माणसं जेवणाच्या टेबलाशी सहलीचं ठरवत होती. गॅलरीचं दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"दोनच दिवस आहेत, वहिनी. उद्या सकाळी हवामहल, जंतरमंतर, मग आमेर. तिथून जयगड, आणि सूर्यास्ताला नाहरगड. परवा सिटी पॅलेस आणि बाकीचं सगळं."

"भावोजी, मे आहे हा," सुधाताई म्हणाल्या. "दुपारी इथं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. एक किल्ला करा, तोही अगदी सकाळी. दुपारी पोरींना झोपू द्या. संध्याकाळी बाहेर पडू."

"झोपायला काय जयपूरला आलो? कीर्तीला सांगून आलोय, सगळं दाखवून आणतो म्हणून."

सुधाताईंनी नवऱ्याकडं बघितलं. सतीशरावांनी जयपूरचे तीन उन्हाळे काढले होते. दुपारची लू, तो भाजून काढणारा वारा, काय असतो हे त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर धाकट्या भावानं ऐकलं असतं. ते काय म्हणाले? "अगं, दोन दिवसांसाठी आलाय. होऊ दे त्याच्या मनासारखं." आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तेव्हा आसावरी बोलली. तिचं मराठी हिंदीत भिजलेलं, पण डोकं ताळ्यावर होतं. "काका, भार्गवीला विचारा ना. मतलब, तिला काय बघायचंय?"

अभिजित हसला. "तिला काय कळतंय? दाखवू ते बघेल. आमची भार्गवी शहाणी आहे, कधी त्रास देत नाही. हो की नाही गं?"

भार्गवीनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. हो.

सहल मुलांची म्हणायची आणि मुलांना एवढाच प्रश्न विचारायचा, की तू त्रास देणार नाहीस ना? मला तेव्हाच संताप आला होता. पण जगाला तोंड असून बोलता येत नाही.

सकाळी आसावरीनं माझ्या पोटातले कांदे टोपलीत ओतले. लिंबाची फोड घेऊन मला आतून घासलं, वास जाईपर्यंत. सुधाताईंनी बर्फ घातला, पाणी भरलं. अभिजित म्हणाला, "हे पिंप घेऊन फिरायचं? बाटल्या मिळतात की सगळीकडं." सुधाताईंनी मला उचललं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं.

हवामहल झाला. जंतरमंतर झालं. गाडीशी परत आल्यावर डिकी उघडून सगळे पाणी प्यायले. भार्गवीनं पेला संपवला आणि पुन्हा पुढं केला. अभिजित म्हणाला, "पुरे. जास्त प्यायलीस तर सारखी शू लागेल, तिथं कुठं न्यायचं तुला?" तिनं पेला खाली ठेवला. शहाणी मुलगी ना!

आमेरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सुधाताई मला घ्यायला डिकीशी आल्या.

"वहिनी, एवढ्या चढावर हे ओझं कोण नेणार?" अभिजितनं हातातली बाटली दाखवली. "ही आहे ना."

"एक बाटली पाच जणांना?"

"वर मिळेल. चला, उशीर होतोय."

सतीशराव म्हणाले, "राहू दे गं." आणि त्यांनी डिकीला किल्ली फिरवली.

मित्रांनो, तुम्ही कधी भरलेले असून निरुपयोगी झाला आहात का? पत्रा तापत होता. डिकीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. माझी बाहेरची भिंत चटके सोसत होती आणि आतला बर्फ मी धरून ठेवला होता. गाडीबाहेरून माणसांची बोलणी जवळ यायची आणि पुढं निघून जायची. आमचं कोणी येत नव्हतं.

मग धावती पावलं आली. किल्ली भोकात जाईना. सतीशराव कुलुपाशी झटत राहिले. "द्या इकडं!" सुधाताईंचा आवाज. डिकी उघडली आणि मी बघितलं. अभिजितच्या खांद्यावर भार्गवीची मान लुळी पडली होती. चेहरा लालभडक, अंग कोरडं. डोळे अर्धवट उघडे, पण ती कुणाला ओळखत नव्हती.

"पाणी पाज, पाणी पाज तिला!" सतीशराव ओरडले.

"तोंडात ओतायचं नाही. शुद्धीत नाहीये ती, ठसका लागेल." सुधाताईंनी ओढणी ओढून काढली आणि माझ्या तोटीखाली धरली. "भावोजी, त्या भिंतीच्या सावलीत चला. फ्रॉक काढा तिचा. आसावरी, वारा घाल."

मी भडाभडा वाहिलो. ओली ओढणी मानेवर, काखेत, कपाळावर. पुन्हा भिजवली, पुन्हा ठेवली. पाणी अजून गार होतं. मी माझं काम चोख केलं होतं, आणि त्याचा मला अभिमान नाही वाटला, चीडच आली. हेच पाणी तासाभरापूर्वी एका पेल्यात बसलं असतं!

जवळच्या दवाखान्यापर्यंत सुधाताई तिचं अंग पुसतच होत्या. तिथं तिला आत नेलं, सलाईन लावलं. आसावरीनं मला उचलून आत आणलं होतं आणि खाटेशेजारी ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, "ठीक हो जाएगी. लेकिन इस धूप में बच्ची को किले पर कौन ले गया था?"

वर काय घडलं ते आसावरीनं सांगितलं, हुंदके देत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. बाटली चढावरच संपली. वर दुकानापाशी गर्दी होती, आई-बाबा पाण्यासाठी तिथं रांगेत थांबले. भार्गवी म्हणाली, तहान लागली. काका म्हणाले, एक फोटो, मग पाणी. तिची टोपी काढायला लावली, चेहरा दिसत नाही म्हणून. मग अजून एक फोटो. मग आरशांच्या महालाशी अजून एक. ती मग काही बोललीच नाही. तिथंच तिला उलटी झाली आणि ती खाली बसली.

"गलती मेरी है," सतीशराव एकदम म्हणाले. "इसे मालूम नहीं था. मैं यहाँ रहता हूँ. मुझे मालूम था."

चांगलं केलं त्यांनी. पण मित्रांनो, हेच शब्द आदल्या संध्याकाळी टेबलाशी बोलायला काय झालं होतं? पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून पोरीचा जीव धोक्यात घातला. अभिजितपेक्षा मला त्यांचाच राग जास्त आहे. ज्याला कळत नाही तो एक वेळ चुकतो, ज्याला कळतं आणि तो गप्प बसतो त्याला काय म्हणावं?

अभिजितचा मोबाइल वाजला. कीर्तीचा फोन. त्यानं घसा साफ केला. "हो, मस्त चाललंय. खूप फोटो काढलेत. भार्गवी? झोपलीय, दमली जरा." आणि बंद केला.

"भावोजी," सुधाताई म्हणाल्या, "तिच्या आईला खरं सांगा. नाहीतर मी सांगते."

तो काही बोलणार, एवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"बाबा, अजून किती किल्ले राहिलेत?"

सगळे तिच्याकडं वळले. भार्गवीचे डोळे उघडे होते. ओठ फुटलेले.

"मी चालेन," ती म्हणाली. "पण आधी थोडं पाणी द्याल?"

अभिजितनं तोंडावर हात धरला. तो रडत होता, मोठ्या माणसाला न शोभेल असा. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, घोट घोट द्या म्हणाल्या. तो माझ्यापुढं गुडघ्यावर बसला, पेला तोटीखाली धरला, आणि भरला तरी तोटी बंद करायचं त्याला सुचेना. पाणी फरशीवर पसरलं. मग चमच्या-चमच्यानं त्यानं तिला पाजलं. त्यानंतर स्वतः कीर्तीला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, फोटोंसकट. पलीकडचा आवाज आधी चढला, मग बंद पडला. मग एवढंच ऐकू आलं, "तिला दे फोन."

रात्री उशिरा तिला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिजितनं मुलीला विचारलं, "तुला आज काय करायचंय?"

खरं सांगतो, ती वेळ मला दवाखान्यापेक्षा अवघड गेली. पोर बोलेचना. बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. कोणतं उत्तर दिलं म्हणजे शहाणी ठरू, ते त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "काही नाही बघायचं. ताईजवळ बसायचंय."

त्या दिवशी ते कुठंही गेले नाहीत. कूलरपुढं चादर बांधून पोरींनी घर केलं आणि मला त्या घरात ओढून नेलं. सतीशराव बर्फ आणून घालत होते, न सांगता. ऊन उतरल्यावर सुधाताई सोडून सगळे राजा पार्कच्या बाजारात कुल्फी खायला गेले. परत आल्यावर आसावरी हसत आईला सांगत होती, की भार्गवीनं पिस्त्याची कुल्फी घेतली आणि एक घास खाऊन रस्त्यातच पाय आपटले, मला ही नको, आंब्याचीच पाहिजे म्हणून. काका काहीतरी बोलायला गेले, थांबले, आणि आंब्याची घेऊन आले.

आता माझी तोटी गळते. झाकणाचा काठ तुटला आहे. अशा वेळी मी तुम्हांला सांगायला हवं, की जुन्या वस्तूंना जपा, धुऊन ठेवा, फेकू नका. ते मी सांगत नाही. माझ्यात कांदे भरा, बटाटे भरा, माझी तक्रार नाही.

पण मित्रांनो, तहान लागली तर सांगा. आधी हळू सांगा. ऐकलं नाही तर मोठ्यानं सांगा. फोटो चालला असेल तर कॅमेऱ्यासमोर तोंड वळवून उभे राहा आणि सांगा. पाय दुखले तर वाटेतच बसा. "शहाणा आहेस ना?" असं कुणी विचारलं तर "नाही" म्हणा, खुशाल म्हणा. लोक तुम्हांला हट्टी म्हणतील. म्हणू द्या. हट्टी मूल किल्ला स्वतःच्या पायांनी उतरतं.