प्लास्टिकचं पिस्तूल

महिपतीकाकांचं रिव्हॉल्वर पोलादी होतं आणि त्यांचा स्वभावही तसाच, असं कंपनीत सगळे म्हणायचे. रिव्हॉल्वरचं खरं होतं. स्वभावाने माणूस लोण्यासारखा मऊ, ते झाकायला त्यांनी मिशा राखल्या होत्या, एवढंच.

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत गेटवर आम्ही पाचजण. चौघे लाठीवाले आणि एकटे काका बंदूकवाले. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या नावावर परवाना काढला, रिव्हॉल्वर घेतलं आणि त्याच्या जोरावर ही नोकरी मिळवली. रोज पेणजवळच्या जिते गावाहून गाडीने यायचे. घरी विमलकाकू आणि अंथरुणाला खिळलेली मुलगी सुरभी. काकांच्या पगारावर तिचं औषधपाणी चालायचं, दुसरं काही साधन नव्हतं.

काका उभे असले की उजवा हात कायम कंबरेच्या रिव्हॉल्वरवर. लोकांना तो रुबाब वाटे. मी त्यांच्याच शिफ्टला असायचो, म्हणून मला ठाऊक होतं की तो हात कापायचा. चहाचा ग्लास ते दोन्ही हातांनी धरायचे. दोन वर्षांपासून हे वाढत चाललं होतं. जड रिव्हॉल्वर मुठीत आलं की मात्र कापरं थांबायचं. "वजन हाताला दाबून ठेवतं रे सुशील," एकदाच म्हणाले, आणि वर दम दिला, "कुठं बोललास तर बघ."

शहाण्णव साली नवे सुरक्षा अधिकारी आले. माणूस वाईट नव्हता, पण नव्या वस्तूचं फार कौतुक. त्यांच्याकडे परदेशी पिस्तूल होतं, वरचा भाग लोखंडी आणि खालची फ्रेम मुठीसकट प्लास्टिकची. टेबलावर ठेवून आम्हाला समजावत बसायचे. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने ही फ्रेम गंजत नाही, आपल्या ॲसिडची वाफ तिला खात नाही, दिवसभर कंबरेला बांधा, ओझं वाटत नाही.

काका मिशीत हसले. "साहेब, आमच्या पेणच्या बाजारात टिकल्यांची पिस्तुलं अशीच मिळतात."

"हे खेळणं नाही, महिपती. यापुढे कंपनी अशीच घेणार आहे."

"हलकं शस्त्र उसळतं साहेब. लोखंड कसं, अर्धा दणका स्वतःच गिळतं."

दोघेही खरं बोलत होते. पण वाद हौसेचा नव्हता, हे साहेबांना कुठून कळणार? काका लोखंडाची नाही, स्वतःच्या हाताची बाजू मांडत होते.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते, मशिनं बंद. काका त्या दिवशी दरवर्षी मोकळ्या कंबरेने यायचे. रिव्हॉल्वर घरी देवापुढे, हळदकुंकू वाहिलेलं. पूजेला मांडलेलं शस्त्र दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. जुने मॅनेजर तो पाळू द्यायचे. नव्या साहेबांना कोणी सांगितलंच नव्हतं. मशिनं बंद म्हणून त्यांनी नेमका तोच दिवस नेमबाजीच्या चाचणीला धरला. टेकडीखाली फळी रोवली, पोलिसांची परवानगीही काढली.

"तुमचं शस्त्र कुठाय?"

"पूजेत हाय साहेब. उद्या उचलतो, परवा हजर करतो."

"चोर काय दसरा बघून येणार?" साहेबांनी स्वतःचं पिस्तूल पुढे केलं. "घ्या. आज ना उद्या हेच वापरायचंय."

काकांनी ते घेतलं. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण सगळी शिफ्ट बघत होती. हात वर गेला आणि पिस्तुलाचं तोंड पाण्यावरच्या पानासारखं हलायला लागलं. त्यांनी दुसरा हात लावला, तरी हलतच राहिलं. कोणी हसलं नाही. मला मात्र रडू फुटेल असं वाटलं. साहेब हळूच जवळ गेले आणि काकांनी गोळी झाडायच्या आत पिस्तूल काढून घेतलं.

"कधीपासून आहे हे?"

काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"असा हात घेऊन भरलेलं शस्त्र बाळगायचात? गेटवर पोरं असतात, बायका असतात."

त्यांचं बरोबर होतं. त्याचाच मला जास्त संताप आला. चुकीचं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"मला लाठी द्या साहेब," काका म्हणाले. "लाठी धरीन. घरात पोर आजारी हाय."

साहेब म्हणाले, "लाठीच्या चारच जागा आहेत, काका. वरून एकही वाढवून मिळत नाही. कोणाला काढू? तुम्हीच सांगा."

काकांनी आमच्याकडे बघितलं. आधी तिघांकडे, मग माझ्याकडे. महिन्यापूर्वीच माझ्या मुलाचं बारसं झालं होतं. विमलकाकूंनी शिवलेली दुपटी घेऊन काका आमच्या घरी जेवून गेले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवली.

"नाय साहेब. कोणालाच नको."

त्यांनी टोपी काढून साहेबांच्या हातात दिली आणि ते चालू लागले. मी मागून पळत गेलो. गेटपाशी ते थांबले होते, गेटातल्या दिंडीदरवाज्याची कडी त्यांना काढता येत नव्हती.

"उघड रे," म्हणाले.

गेट उघडायचं काम माझंच होतं. मी उघडलं.