आईनं धुतलेलं लोखंड

आमचे हे भूगर्भशास्त्रज्ञ. खोटं बोलणं यांना जमत नाही. लग्न ठरायच्या आधी 'मी घोरतो' असं माझ्या वडिलांना पत्रानं कळवलेला माणूस. कंपनीनं यांना नेमकं माझ्या माहेरच्या बेटावर लोखंड शोधायला धाडलं आणि होकायंत्राची सुई आईच्या घरापाशीच चळायला लागली. घरामागे भोक पाडायचं ठरलं. खनिज लागलं तर घर खाणीत जाणार, हे यांनी आपल्या सासूबाईंना जेवता जेवताच सांगून टाकलं. आईनं यांना आणखी वाढलं.

यंत्रानं खालून दगडमातीचे लांब दांडे काढले. ते खोलीप्रमाणे पेट्यांत रचून व्हरांड्यात ठेवले. इथल्या खडकात लोखंडाचे आणि गारगोटीचे पट्टे असतात, म्हणे. लाखो वर्षं पाणी मुरून वरची गारगोटी निघून जाते आणि भुसभुशीत लाल माती उरते. ती मातीच खरं धन.

यंत्र होडीवर चढवून हे धक्क्यावरून परतले, तर पेट्या चकचकीत! आईनं सगळं नळाखाली घासून जागच्या जागी लावलं होतं. समुद्राकडे जाणारं गटार लालभडक झालं होतं.

"आई, यातली माती कुठंय?"

"धुतली की. केवढी घाण हो ती, जावईबापू!"

बेटानं लाखो वर्षं खपून गारगोटी घालवली आणि लोखंड ठेवलं. आईनं एका दुपारीत लोखंड घालवलं आणि गारगोटी ठेवली.

हे काही लपवणारे नव्हते. यांनी अहवालात सरळ लिहिलं, 'खनिज होते. सासूबाईंनी धुतले.'

कंपनीतल्या यांच्या साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वर पाठवावं तर हसं होणार. यंत्र परत मागवावं तर कारण काय सांगणार? शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं 'खनिज आढळले नाही' असं लिहिलं आणि शोधासाठी बेटाचं दुसरं टोक धरलं.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, तुला ठाऊक होतं ना?"

"तुझ्या वडिलांचे खाणीतले कपडे जन्मभर धुतले मी. पाण्याबरोबर काय जातं ते मला कळणार नाही होय गं?"

एवढं बोलून ती वाचलेल्या घराच्या भिंतीला टेकली आणि ढसाढसा रडली. मीही रडले. आवाज ऐकून हे दारात आले. "काय झालं?"

आईनं डोळे पुसले. "काही नाही. बसा, वाढते."